हात वाद्यावर, मग पान कोण उलटणार? एका छोट्या पेडलमधला धंदा



"कमी भांडवलात कोणता धंदा करू?" आपल्या चॅनेलवर या एका प्रश्नाचे जितके मेसेज येतात, तितके दुसऱ्या कशाचेच येत नाहीत. माझं उत्तर ठरलेलं आहे. धंद्यांची यादी शोधण्याआधी आजूबाजूला बघा. काम करताना कोणाचे हात अडकलेले आहेत? ज्याचे हात अडकलेत त्याला मदतीची गरज समजावून सांगावी लागत नाही. ती त्याला रोज जाणवत असते.

आज त्यातलंच एक उदाहरण मुळापासून बघू. वादकाचे दोन्ही हात वाद्यावर आहेत, समोर टॅबवर नोटेशन आहे आणि पान संपलंय. आता पान उलटायचं कोणी? या एवढ्याशा प्रश्नावर एक वस्तू तयार झाली: पायाने दाबायचं ब्लूटूथ पेडल. ही वस्तू विकून तुम्ही लखपती व्हाल असं मी अजिबात सांगणार नाही. पण यात पैसे नेमके कुठे आहेत आणि कुठे अडकतात, हे कळलं तर असे दहा छोटे धंदे तुम्हाला तपासता येतील. दहा मिनिटांच्या व्हिडिओत हे सगळं मावत नाही, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

आधी अडचण नीट समजून घ्या

पियानो वाजवणाऱ्याला क्वचितच एखादा हात मोकळा मिळतो. म्हणून मोठ्या मैफलीत त्याच्या डाव्या बाजूला एक माणूस बसलेला दिसतो. पान संपत आलं की तो उठतो, वरचा कोपरा धरतो आणि नेमक्या क्षणी पान उलटतो. त्याला नोटेशन वाचता यावं लागतं, नाहीतर क्षण चुकतो. म्हणजे पान उलटायला एक अख्खा, शिकलेला माणूस लागतो!

ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले दोघं मिळून एक स्टँड वापरतात. पान संपलं की आतल्या बाजूचा वादक वाजवणं थांबवून पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. म्हणजे तेवढा वेळ त्या स्टँडवरचा आवाज निम्मा. चांगले प्रकाशकही पानाचा शेवट शक्यतो अशा ठिकाणी आणतात जिथे वादकाला थोडी विश्रांती असते. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात तर वाऱ्याचीच भीती. कपडे वाळत घालायचे चिमटे स्टँडला लावलेले तुम्ही पाहिले असतील, ते त्यासाठीच.

२०१० मध्ये आयपॅड आला. त्याच वर्षी फोरस्कोरसारखं नोटेशन वाचायचं ॲप आलं. अँड्रॉइडवर मोबाइलशीट्स आहे. जाडजूड पुस्तकांची पिशवी गेली, शंभर पुस्तकं एका टॅबमध्ये आली. पण काचेवर बोट तर लावावंच लागतं. कागदाचं ओझं कमी झालं, हात मात्र अडकलेलाच राहिला.

इथे पहिला मुद्दा लिहून घ्या: नवीन वस्तू जुनी अडचण पूर्ण सोडवत नाही, तेव्हा उरलेल्या अडचणीत दुसऱ्या कोणासाठी तरी धंदा असतो.

पेडल काम कसं करतं?

तुम्हाला वाटेल, यात फार मोठं तंत्रज्ञान असेल. तसं नाही. हे पेडल ब्लूटूथवरून टॅबला सांगतं की "मी कीबोर्ड आहे". तुम्ही उजवी बाजू दाबली की ते "पेज डाउन" किंवा बाणाची कळ दाबल्याचा संदेश पाठवतं, डावी दाबली की मागच्या पानाचा. बस्स. कॉम्प्युटरच्या कीबोर्डमधल्या दोन कळा पायाखाली आणून ठेवल्या, इतकंच समजा.

या साधेपणाचा फायदा बघा. कीबोर्डची भाषा जवळपास प्रत्येक टॅब, फोन आणि लॅपटॉपला कळते. त्यामुळे एकच पेडल आयपॅडवरही चालतं आणि अँड्रॉइडवरही. टेलिप्रॉम्प्टर ॲप चालवायलाही ते वापरता येतं, म्हणजे आमच्यासारखे व्हिडिओ बनवणारेही गिऱ्हाईक झाले. ज्यांना हाताने स्क्रीन वापरणं जमत नाही अशा लोकांना पुस्तक वाचायलाही असं बटण उपयोगी पडतं.

पेडलशिवाय आणखी तीन मार्ग आहेत. एक, कॅमेरा. काही ॲप चेहऱ्याकडे बघून मान वळवल्यावर किंवा डोळा मिचकावल्यावर पान पुढे नेतात. दोन, दातांत धरून चावायचं बटण. तीन, आवाज ऐकून किंवा ठरावीक लयीत आपोआप पुढे सरकणारं नोटेशन. हा तिसरा मार्ग एकट्याने रियाज करताना बरा वाटतो. पण मध्येच थांबून चार मात्रा परत वाजवल्या, किंवा सोबत आणखी चार वाद्यं असली, की तो गोंधळू शकतो. म्हणून स्टेजवर पायाचं पेडलच जास्त दिसतं. तिथे "आता उलट" हे वादक स्वतः ठरवतो.

हे सुरू कोणी केलं?

ह्यू सुंग हे अमेरिकेतले पियानोवादक. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, तिथेच साथसंगतीचं काम केलं. आयपॅड यायच्या कितीतरी आधी ते विंडोजच्या टॅब्लेट पीसीवर नोटेशन ठेवून वाजवत होते. पुढे एअरटर्न ही पेडल बनवणारी कंपनी सुरू करणाऱ्यांत ते होते. म्हणजे हा धंदा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बसून सुचलेला नाही. ज्याचा हात रोज अडकत होता, त्यालाच तो सुचला.

दुसरं उदाहरण बोरोमिओ क्वार्टेटचं, चार वादकांचा अमेरिकन संच. साधारण २००७ पासून ते लॅपटॉप आणि पायपेडल वापरू लागले. याचं कारण फार महत्त्वाचं आहे. चौघांच्या मैफलीत प्रत्येकाच्या समोर फक्त स्वतःच्या वाद्याचे स्वर असलेला कागद असतो. चौघांचं एकत्र नोटेशन समोर ठेवलं तर पानं इतक्या पटापट संपतात की वाजवणं मुश्कील होतं. पेडल आल्यावर ही अडचणच संपली. आता प्रत्येक जण बाकीचे तिघं काय वाजवतायत तेही बघत वाजवू शकतो. पान उलटणं सोपं होईल म्हणून आणलेल्या वस्तूने वाजवण्याची पद्धतच बदलली.

२०१२ मध्ये बेल्जियमच्या ब्रसेल्स फिलहार्मोनिकने कागद बाजूला ठेवून सॅमसंगच्या टॅबवर मैफल केली, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली.

दुसरा मुद्दा: गिऱ्हाईक सांगतं ती गरज एक असते, वस्तू हातात आल्यावर सापडणारा फायदा वेगळा असतो. म्हणून विकल्यानंतर पंधरा दिवसांनी फोन करून विचारायचं, "कशासाठी वापरताय?" त्या उत्तरात तुमची पुढची जाहिरात असते.

पाय तरी मोकळा आहे का?

पेडल विकायला निघालेले बरेच जण इथे घसरतात. "वादक" असं एकच गिऱ्हाईक नसतं. प्रत्येक वाद्याचा पाय वेगळा!

पियानो आणि कीबोर्ड: उजवा पाय बहुतेक वेळ वाद्याच्या पेडलवर असतो, डावा बऱ्यापैकी मोकळा. पान उलटायचं पेडल डाव्या बाजूला ठेवायचं.

व्हायोलिन, बासरी, सॅक्सोफोन, गिटार: दोन्ही हात अडकलेले, दोन्ही पाय मोकळे. हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक. पण इलेक्ट्रिक गिटारवाल्याच्या पायाशी आधीच इफेक्टची पाच-सहा बटणं असतात. त्याचं पेडल थोडं लांब आणि वेगळ्या आकाराचं ठेवा, नाहीतर पान उलटायच्या जागी आवाज बदलेल.

चर्चमधला पाइप ऑर्गन, ड्रम सेट, हार्प: इथे पायही कामात. हार्पला तर ७ पेडलं असतात! यांना आणखी एक पेडल विकू नका. यांच्यासाठी कॅमेरा किंवा चावायचं बटण.

हार्मोनियम: एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. पाय मोकळे, पण मांडी घातलेली. बैठकीत बसलेल्या माणसाने पाय लांब करून पेडल दाबायचं, हे आपल्याकडे बरंही दिसत नाही आणि जमतही नाही. गुडघ्याने किंवा मांडीने अलगद दाबता येईल असं चपटं बटण इथे चालेल का? बाजारातली बहुतेक पेडलं खुर्चीवर बसणाऱ्या किंवा उभ्या वादकाचा विचार करून बनवलेली असतात. तुमच्यापैकी कोणी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला असेल तर त्याच्यासाठी ही डोकं चालवण्याची जागा आहे.

माइक हातात धरून गाणारा गायक: समोर टॅबवर गाण्याचे शब्द असतात, पण एक हात मोकळा असतो. तो बोटाने पान सरकवू शकतो. त्याला पेडल हवंच असं नाही. गोड बोलून त्याच्या गळ्यात मारू नका. गिटार वाजवत गाणारा भेटला तर मात्र नक्की दाखवा.

आपल्याकडे बाजार कुठे आहे, कुठे नाही?

आधी "कुठे नाही" ते बघू. हिंदुस्थानी शास्त्रीय मैफलीत कलाकार समोर नोटेशन ठेवून गात नाही. पलुस्कर आणि भातखंडे यांनी स्वरलिपी दिली ती शिकण्या-शिकवण्यासाठी आणि बंदिशी जपण्यासाठी. मंचावर राग तिथल्या तिथे फुलवायचा असतो. त्यामुळे एखाद्या मोठ्या शास्त्रीय महोत्सवाबाहेर पेडलचा स्टॉल लावाल तर दिवसभर माश्या माराल.

आता "कुठे आहे". स्टाफ नोटेशन वाचणारे लोक आपल्या भागात नवीन नाहीत. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या स्टाफ नोटेशन शिकवलं गेलं. तिथून मुंबईला आलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात मोठं काम केलं. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं जुन्या गाण्यांच्या जाणकारांना माहीत आहेत. आजही गोव्यात चर्चचे गायकवृंद आहेत, पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवलं जातं. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. मुंबई-पुण्यात पियानो, गिटार, व्हायोलिनचे क्लास आहेत आणि तिथली मुलं ट्रिनिटी, एबीआरएसएमच्या परीक्षा देतात. परीक्षेच्या खोलीत टॅब चालतो का, याचा त्या बोर्डाचा त्या वर्षीचा नियम मात्र विकण्याआधी तपासा. पालकांना तोंडी खात्री देऊन मोकळं होऊ नका.

मोठ्या हॉटेलांतले पियानो-गिटार वाजवणारे, लग्नसमारंभातले बँड, शाळांचे संगीत शिक्षक हेही यात येतात. तुमच्या तालुक्याच्या गावात हे मिळून आठ-दहा जण भरतील. मग हा स्वतंत्र धंदा होत नाही. आधीच वाद्यांचं दुकान, संगीत क्लास, साउंड भाड्याने देण्याचं काम किंवा मोबाइल ॲक्सेसरीचं दुकान असेल, तर त्यात घातलेली ही एक चांगली भर आहे. हे आधीच मान्य करा म्हणजे पुढचा हिशोब चुकणार नाही.

स्टेजवर काय बिघडतं? पैसे इथेच आहेत

पेडल ऑनलाइन कोणीही मागवू शकतो. तुमच्याकडे का यावं? कारण कार्यक्रमात पान उलटलं नाही, तर लोक पेडलला दोष देत नाहीत, वादकाला देतात. त्याचं नाव जातं, पुढची सुपारी जाते. त्याला ही भीती असते. ती भीती कमी करणं हे तुमचं काम. त्यासाठी काय काय बिघडतं ते तुम्हाला पाठ पाहिजे.

१. पेडल झोपतं. बॅटरी वाचवायला काही पेडलं थोडा वेळ कोणी दाबलं नाही की आपोआप बंद होतात. मग पहिल्या दाबात ते फक्त जागं होतं, पान उलटत नाही. आपल्याकडे दोन गाण्यांच्या मध्ये प्रमुख पाहुण्यांचं भाषण असतं. वीस मिनिटांनी वादक पेडल दाबतो आणि पान जागच्या जागी! उपाय: झोपण्याची वेळ बदलता येते का ते घेतानाच बघा. येत नसेल तर गाणं सुरू होण्याआधी एकदा पुढे, एकदा मागे दाबायची सवय लावून द्या.

२. स्क्रीनवरचा कीबोर्ड गायब. टॅबला वाटतं खरा कीबोर्ड जोडलाय, म्हणून टाइप करताना स्क्रीनवर अक्षरं येतच नाहीत. गिऱ्हाईक घाबरून फोन करतं, "टॅब बिघडला!" बिघडलेला नसतो. पेडल बंद केलं की कीबोर्ड परत येतो. हे विकतानाच सांगितलं तर हा फोन येणार नाही.

३. दुसऱ्याच टॅबला जोडलं जाणं. क्लासमध्ये एकच पेडल चार टॅबना जोडून बघितलेलं असतं. कार्यक्रमाला ते विंगेत ठेवलेल्या भलत्याच टॅबची पानं उलटत बसतं. कार्यक्रमाच्या दिवशी बाकी टॅबचं ब्लूटूथ बंद.

४. एका दाबात दोन पानं. पाय जरा जास्त वेळ राहिला की काही पेडलं कळ परत परत पाठवतात. सेटिंग बदलता येतं, नाहीतर पाय पटकन उचलायचा सराव लागतो.

५. मागे जायचं असतं. नोटेशनमध्ये "सुरुवातीपासून परत वाजवा" अशा खुणा असतात. म्हणजे पाचव्या पानावरून दुसऱ्यावर उडी. चांगल्या ॲपमध्ये अशा जागी लिंक लावता येते, किंवा तेच पान पुढे परत घालून ठेवता येतं. अर्धंच पान उलटण्याची सोयही असते. त्यात वर पुढच्या पानाचा अर्धा भाग येतो आणि खाली चालू पान तसंच राहतं, त्यामुळे नजर चुकत नाही.

६. मध्येच फोन, मेसेज. नोटिफिकेशन बंद. विमान मोड लावला तर ब्लूटूथ पुन्हा सुरू झालंय का ते बघा.

७. सतरंजी आणि आवाज. गुळगुळीत स्टेजवर पेडल सरकतं, सतरंजीच्या सुरकुतीवर डुगडुगतं. आणि शांत जागी "टिक" असा आवाज माइकमध्ये जाऊ शकतो. खाली रबराची चटई ठेवा, घेताना कमी आवाजाचं निवडा.

८. ऊन. दुपारच्या उघड्या कार्यक्रमात टॅब तापतो, स्क्रीन अंधूक होते, कधी बंदही पडतो. अशा कार्यक्रमाला सावली नसेल तर सरळ कागद घ्यायला सांगा. हा सल्ला फुकट द्या, विश्वास कमवाल.

आणि एक गोष्ट आकाराची. ए-४ कागदाचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आकार साधारण १४.३ इंच असतो. १० इंचाच्या टॅबवर तेच पान बारीक दिसतं. पन्नाशीच्या वादकाला पेडल दाखवण्याआधी विचारा, "अक्षर दिसतंय का?" दिसत नसेल तर त्याची पहिली गरज मोठी स्क्रीन आहे.

तिसरा मुद्दा: पेडलचा भाव सगळ्यांना मोबाइलवर दिसतो. ही आठ उत्तरं तिथे मिळत नाहीत.

आता हिशोब

खालचे आकडे फक्त समजायला घेतले आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून परत करा.

*पद्धत एक, नुसती विक्री.* समजा पेडल २,५०० ला पडलं आणि ३,२०० ला विकलं. एका नगामागे ७०० सुटले. तुम्ही उत्साहात १० आणलीत, म्हणजे २५,००० अडकले. ७ विकली की २२,४०० आले. म्हणजे सात विकूनही घातलेले पैसे अजून पूर्ण परत नाहीत. आठव्याला मुद्दल सुटतं. शेवटची दोन-तीन पडून राहिली तर अख्खा नफा कपाटात. नवीन मॉडेल आलं की तो डेड स्टॉक.

*पद्धत दोन, विक्री आणि सेटअप.* तेच पेडल ३,२०० ला, आणि सोबत एक तासाचा सेटअप ५०० ला. ॲप बसवणं, गिऱ्हाइकाची स्वतःची दोन गाणी लावून देणं, लिंक, अर्धं पान, वरची आठ उत्तरं. एका गिऱ्हाइकामागे १,२०० झाले. पेडल त्याने ऑनलाइन घेतलेलं असेल तरी ५०० तुमचेच. त्यात भांडवल शून्य, फक्त तुमचं ज्ञान.

*पद्धत तीन, भाड्याने.* समजा टॅब २५,०००, दोन पेडलं ६,०००, स्टँड २,०००. एकूण ३३,०००. एका कार्यक्रमाचे ८०० घेतले, जाण्या-येण्याचे १५० गेले, ६५० उरले. भांडवल सुटायला ५१ कार्यक्रम लागतील. आता टॅब गिऱ्हाइकाचाच ठेवा. तुम्ही फक्त दोन पेडलं आणि स्टँड द्या, म्हणजे ८,०००. भाडं ५००, खर्च १५०, उरले ३५०. २३ कार्यक्रमांत पैसे मोकळे. टॅब काढला आणि जोखीम निम्म्याहून कमी झाली. शिवाय वादक सवयीच्या टॅबवर वाजवतो, ते त्याच्यासाठीही बरं.

दोन पेडलं का? एक चालू, एक तयार. भाड्याच्या धंद्यात जादा नग नसेल तर तुम्ही नुसती आशा भाड्याने देताय. सोबत कागदी प्रतही फाइलमध्ये ठेवायला सांगा.

कागदपत्रं आणि कायदा

"चीनमधून स्वस्तात मागवतो" असं म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचा. विकायला माल आयात करायचा तर डीजीएफटीचा आयईसी क्रमांक लागतो. ब्लूटूथ म्हणजे रेडिओ लहरी, म्हणून दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी लागते. आत लिथियम बॅटरी असेल तर बीआयएसचा विषय येतो. पाकिटावर एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं हे सगळं छापावं लागतं. पाच-दहा नगांसाठी हे परवडत नाही. सुरुवातीला भारतातल्या आयातदाराकडून जीएसटीच्या पक्क्या बिलावर घ्या, वॉरंटी कोण देणार ते लिहून घ्या. जीएसटीचा दर आणि एचएसएन तुमच्या सीएला विचारा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्याचे पैसे कोणाला देऊ नका.

घरी बनवायचं असेल तर ईएसपी-३२ सारख्या स्वस्त चिपवर ब्लूटूथ कीबोर्ड तयार होतो. शिकायला उत्तम. पण विकायला निघालात की वरचे नियम तुम्हालाही लागू होतात.

आणि एक मोह टाळा. "पाचशे गाण्यांचं नोटेशन टॅबमध्ये फुकट भरून देतो!" ही ऑफर देऊ नका. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. बाख १७५० साली गेले, त्यांच्या मूळ रचना खुल्या आहेत. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर २००६ पासून अशा हक्कमुक्त रचना जमा होत आहेत. पण आजच्या प्रकाशकाने नव्याने संपादित केलेलं पुस्तक किंवा अलीकडचं सिनेमाचं गाणं स्कॅन करून वाटणं ही चोरी आहे. गिऱ्हाइकाने स्वतः विकत घेतलेली फाइल लावून द्या, तेवढंच तुमचं काम.

पंधरा दिवसांची परीक्षा

माल आणण्याआधी हे करा.

दिवस १ ते ३: तुमच्या भागातले वादक, क्लास, बँड, चर्च यांची नावं लिहा. नावासमोर तीन रकाने करा: टॅब वापरतात का, पान कोण उलटतं, पाय मोकळा आहे का.

दिवस ४ ते ७: किमान पाच ठिकाणी प्रत्यक्ष बसून बघा. विचारू नका, बघा. पान उलटताना कोणाचा सूर तुटतो, कोण शेवटची ओळ पाठ करून ठेवतं, कोण शेजाऱ्याला खूण करतं.

दिवस ८: एकच पेडल घ्या. दहा नाही, एक.

दिवस ९ ते १३: ते स्वतः वापरा, मग तीन वादकांना प्रत्येकी एक दिवस रियाजाला द्या. परत घेताना "आवडलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "उद्या ठेवून घ्यायचं असेल तर ५०० डिपॉझिट द्याल का?" हे विचारा. खिशात हात गेला तरच हो.

दिवस १४, १५: तिघांपैकी दोघांनी पैसे काढले तर सेटअप आणि भाडं सुरू करा. एकाने काढले तर दुकानात फक्त डेमो पीस ठेवा आणि ऑर्डर आल्यावर मागवा. कोणीच काढले नाहीत तर तुमचा खर्च एका पेडलचा झाला. २५,००० वाचले, आणि तुमच्या भागातल्या सगळ्या वादकांची ओळख झाली. त्यांना स्टँड, केबल, तारा तर लागतातच ना?

बघा, पेडल हे निमित्त आहे. पोळ्या लाटताना रेसिपी बघणारी ताई, गाडीखाली झोपून आकृती बघणारा मेकॅनिक, या सगळ्यांचे हात अडकलेले आहेत. या आठवड्यात असा एक माणूस शोधा, त्याच्याजवळ अर्धा तास बसा आणि त्याचं काम नेमकं कुठे थांबतं ते लिहून काढा. ते पान कमेंटमध्ये टाका. निवडक पानांचा हिशोब आपण पुढच्या व्हिडिओत एकत्र मांडू.

भेटू लवकरच. तोपर्यंत उधारी कमी, नोंदी जास्त!